पाटाखालची वही

रागावण्याचा मला तेव्हा भारी उत्साह होता. सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या कचेरीत मी दिवसभर कामगारांची हजेरी लिहायचो आणि घरी कथा. म्हणजे लिहायचं ठरवायचो. वही उघडून छताकडे बघायला लागलो की बायको म्हणायची, "रिकामेच बसलाय तर रॉकेलच्या रांगेत तरी उभं राहा." रिकामा! मी दात-ओठ खात उठायचो आणि रांगेतल्या निरपराध माणसांशी भांडायचो.

घरात व्यत्यय येत नसे तो एकाच गोष्टीत, माझ्या लिंगपूजेत. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं की देवाच्या खोलीचं दार लागायचं. पूजा दहा मिनिटांची. एकदा ती आटोपून लिंग चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि लक्षात आलं की दार अजून बंदच आहे. दुसऱ्या दिवसापासून पाटाखाली वही-पेन्सिल. माझी भक्ती तासावर गेली.

आईला धन्य वाटलं. "आमचा अप्पा तासभर डोळं मिटून बसतो की!" असं ती गल्लीभर सांगत सुटली. लाज वाटायची मला. पण कथा पुढे सरकत होती.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. वडील गेल्यापासून, माझ्या पूजेचं तीर्थ घेतल्याशिवाय आई पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. विसरलो म्हणणंही खोटंच. तीर्थाची वाटी माझ्या गुडघ्याशीच असायची. पण दार उघडलं की सगळं घर आत शिरणार, म्हणून एवढं वाक्य होऊ दे, एवढं पान होऊ दे, असं चालायचं.

मे महिन्यातली सकाळ. माझी नायिका नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि स्वयंपाकघरात तांब्या खणखणत गेला. ताडकन उठलो, दार आपटलं आणि ओरडलो, "एक तास शांतता नाही या घरात! गेलं माझं वाक्य!"

आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. भोवळ आलेली, ओठ सुकलेले. तिला पदरानं वारा घालणाऱ्या बायकोनं माझ्या हातातली पेन्सिल पाहिली.

"महादेवाला पत्र लिहीत होता काय हो? सासूबाई पहाटेपासून कोरड्या घशानं बसल्यात. पाणी दिलं तर तोंड फिरवतात."

मी धावत वाटी आणली. आईनं तीर्थ घेतलं, वर तांब्याभर पाणी प्यायली, मग विचारलं, "रोज लिवत हुतास?"

"हो."

"मग आदी तीर्थ द्यायचं, मग दार लावायचं की. एवढी अक्कल न्हाय आन् गोष्टी लिवतोय!"

इतकं सोपं होतं ते! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण राग तिथं संपला नाही. पूजा होती तोवर दाराला कुणी बोट लावलं नव्हतं. लिहिणं म्हटल्यावर तासाभरात दहा थापा. रेशनची मिलो ज्वारी दळून आणा. "लिहितायच ना, मग उठायला काय झालं?"

आठवड्याभरानं, मी आत लिहीत असताना, शेजारीण आली. तीर्थ केव्हाच घेतलेली आई दाराबाहेर धान्य निवडत होती. तिचा आवाज आला, "हळू बोल गं. अप्पा पूजेला बसलाय."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई! अंगाचा तिळपापड झाला. माझं खोटं हिनं का उचलावं? पेन्सिल अशी दाबली की टोक मोडलं. टोक काढायचं पातं बाहेरच्या फळीवर. पण बाहेर जाणार कसा? माझी पूजा चालू होती.

शेवटी डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि राग निवेपर्यंत खरोखरच बसलो. बराच वेळ लागला.