त्राटिकेचा दुसरा डोळा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतर मनात येतो तो सायकलीचा एक लाल दिवा.

जव्हार-मोखाडा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. सायकलीने मजुरीला जाणाऱ्यांना मागे लावायचे लुकलुकणारे दिवे वाटले, माणशी एक. पाहुणे उशिरा आले, सुरक्षेवर बराच वेळ बोलले आणि सीटबेल्ट न लावता परत गेले. दिवे मात्र चांगले होते.

पुढे बोहाडा जवळ आला. मुखवटे घालून देवदानवांची सोंगे नाचवण्याचा हा इथला उत्सव. त्याच सुमारास सूर्यमाळकडच्या घाटात, दिवेलागणीला, एका सायकलस्वाराला जीपने मागून उडवले. हा त्याच्या गावचा रावण. ते सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होते. पाय वाईट मोडला होता. पुन्हा नाचता येईल का, याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

जीपचालक म्हणत होता, "सायेब, मागं दिवा नव्हता. असता तर मी काय आंधळा हाय?"

असे प्रत्येक चालक म्हणतो. पण पंचनाम्यात सीटखाली दिवा बांधायचा पट्टा शाबूत सापडला, दिवा नव्हता. धडकेत फुटला असता तर रस्त्यावर लाल तुकडे मिळाले असते. जखमीच्या बायकोने जबाबात सांगितले, "आदल्या सांजेला होता. कुणी काढला ठावं नाय."

मग पोलीस पाटील सहज बोलावे तसे बोलले, "यंदा त्राटिकेचे डोळे लुकलुकणार म्हणे, साहेब."

त्राटिकेचे सोंग जखमीच्या चुलतभावाकडे. मी गेलो तेव्हा तो अंगणात मुखवटा रंगवत होता. दोन्ही डोळ्यांच्या खोबणीत लाल दिवे लुकलुकत होते. वाटप तर माणशी एक झाले होते.

"दुसरा कुठला?"

"बाजारातनं आणला."

"कोणतं दुकान?"

"नवीन हाय."

"नाव?"

"नवीन हाय ना सायेब. नाव नाय पडलं अजून."

चौकशीत ओरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. घसा बसण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. मी ओट्यावर बसलो, मुखवटा हातात घेतला आणि म्हणालो, "रावणापेक्षा उजवा झालाय."

त्याने ब्रश खाली ठेवला.

"तुम्ही म्हणता, सायेब. आमची त्राटिका निघाली का लोक चहाला उठतात. रावण आला का धावत येऊन बसतात. एका आजाची नातवंडं आम्ही. त्याला दहा तोंडं, मला एकच. मग एका डोळ्यानं माझं काय भागणार?" मग तो म्हणाला, "तो उजेडातच घरी येतो. त्या दिवशी उशीर होईल, हे मला काय..."

चोरीचा गुन्हा नोंदवला. दिवा मुखवट्यासकट मुद्देमालात जमा झाला. वेगाबद्दल जीपचालकावरचा गुन्हा राहिला, पण दिवा नव्हता हे त्याचे म्हणणे खरे, असे मी कागदावर आणले.

दवाखान्यात जाऊन जखमीला सगळे सांगितले. तो भावाला शिव्या घालील, या तयारीने मी गेलो होतो. त्याने विचारले, "दोनी डोळ्यांत लावले व्हते?"

"हो."

"एकदम लुकलुकत का एकामागं एक?"

"एकामागोमाग एक."

"दिसत कसं व्हतं, सायेब?"

मी खरे ते सांगितले, "भीती वाटत होती."

त्याचा चेहरा उतरला. मोडलेल्या पायाचा जबाब देताना तो इतका उतरला नव्हता.

पैशाच्या गुन्ह्यात फिर्यादी कुठे संपतो आणि आरोपी कुठे सुरू होतो, हे लवकर कळते. मत्सराच्या गुन्ह्यात दोघेही एकाच गोष्टीसाठी जळत असतात. आधी हात कोणाचा पोहोचला, एवढाच फरक. तेव्हापासून असे प्रकरण आले की मी आरोपीआधी फिर्यादीला बसवून विचारत असे, तुला त्याचे काय काय बघवत नाही?