फोडायचा दगड

हा गेम कसा आहे, असं हल्ली मला जो तो विचारतो. जणू मीच तो बनवलाय. माझ्या शिवणक्लासच्या मुली विचारतात, खालचा मेडिकलवाला विचारतो. मी सांगते, गेम झकास आहे, पण वैऱ्यावरसुद्धा तशी वेळ येऊ नये. मग ते हसतात. हसा बाबांनो. तुम्ही अजून त्या तळ्यापाशी पोचलेला नाहीत.

आधी चांगलं ते सांगते, उगाच नावं ठेवणारी बाई मी नाही. गेम नवाकोरा, ऑनलाइन, राजे-राक्षस-जादूटोण्याचा. जगभरची माणसं एकाच वेळी आत. सुरुवातीला तर आत शिरायलाच रांग, रेशनच्या दुकानाला असायची तशी. आपला माणूस आपण घडवायचा, नाकाडोळ्यांपासून. मी तीरंदाज बाई घेतली. तिला जो अंगरखा मिळाला त्याची बाही बघून माझं डोकंच फिरलं. बगलेत चुण्या! एवढं सगळं करतात, एखाद्या शिंप्याला विचारायला काय झालं होतं? पण गवत मात्र, आई शप्पथ, असं मी कुठल्या पडद्यावर पाहिलं नव्हतं. कमरेएवढं, वारा आला की एका अंगाला लवणारं. पहिल्या दिवशी मी एकही बाण सोडला नाही. नुसती त्या गवतातून चालत राहिले. आमच्या पालेगावच्या शेताच्या बांधावर भादव्यात अगदी असंच गवत असायचं.

त्या शेतावर आता बिल्डरचे टॉवर आहेत. आणि त्या टॉवरांमुळेच मी आणि माझा दादूस, माझा थोरला भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हतो.

पैशाचं काही नव्हतं, लोकांना तेच वाटतं म्हणून सांगते. बांधावर आमचा क्षेत्रपाळ होता. देऊळ नाही, काही नाही, शेंदूर लावलेला एक दगड, गुडघ्याएवढा. पेरणीआधी त्याला नारळ द्यायचा. घरात लग्न निघालं की गावदेवीनंतर अक्षत त्यालाच. माझ्या लग्नाची अक्षत मी आणि दादूसने मिळून ठेवली होती, आई म्हणाली होती की भावंडांनी मिळूनच ठेवायची असते. टॉवरचं काम सुरू झालं नि एकदा मी बदलापूरहून माहेरी गेले तर बांध नाही, गवत नाही, दगड नाही. सिमेंट. दादूसला विचारलं, देव कुठे आहे? तो म्हणाला, "जे करायचं ते केलं." बस. एवढंच. पुढे मी खूप बोलले, तो तोंडातून ब्र काढेना. शेवटी मी म्हटलं, तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला.

मध्ये लटकली माझी भाची, दादूसची पोर. तिचं लग्न ठरलं, उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी. फर्निचरचं दुकान आहे त्यांचं, मुलगा गुणी आहे, फक्त सगळ्यांना 'जी' लावून बोलतो. आमच्या घरात हळदीची पहिली बोटं आत्याची. भाची माझ्याकडे येऊन रडली, रुसली, जेवली, परत रडली. मी ऐकलं नाही. मग तिने माझ्या फोनमध्ये हा गेम टाकला.

"आत्या, चौघं लागतात. मी, ते, तू," ती म्हणाली आणि थांबली.

"चौथा कोण?"

"ढालवाला आहे एक."

ढालवाला कोण हे मी काय ओळखणार नाही? आवाज ऐकला नि कळलं. कानात वायर घालून चौघांनी बोलत खेळायचं असतं. भाचीने आधीच दम दिला: फक्त गेमचं बोलायचं, घरचा विषय निघाला की मी बाहेर. मी म्हटलं, बरं.

आमचं खेळणं म्हणजे तमाशाच होता. मी म्हणायचे, "ढालवाल्याला कुणीतरी सांगा, डावीकडे लांडगा आहे." तो म्हणायचा, "तीरंदाज बाईंना सांगा, दिसतोय." बिचारा जावई दोघांचे निरोप हिंदीत पोचवायचा, जणू आम्हाला एकमेकांचं ऐकूच येत नाही. पण एक कबूल करते. ढाल धरावी तर दादूसनेच. ढालवाल्याचं काम काय, पुढे उभं राहून मार खायचा आणि हलायचं नाही. तो हलत नसे. मी त्याच्या मागून बाण सोडायचे आणि मला एकदाही ओरखडा आला नाही. मला याचाही रागच यायचा.

मग आलं ते तळं. तळ्यातून एक शिंगवाला राक्षस वर येतो, अंगभर शेवाळ. नव्या गेममधला सगळ्यात अवघड म्हणे, आणि रविवारच्या संध्याकाळनंतर तो गेममधून जाणार, दुसरा येणार. शनिवारी भाचीने मला फोन केला.

"आत्या, पैज लाव. उद्या याला मारला तर तू हळदीला यायचं."

"आणि नाही मारला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

तिथल्या तिथे 'येते गं' म्हणावंसं वाटलं. पण माझी जीभ कुठे ऐकते. म्हटलं, "ठीक. मारला तर येईन. शब्द आहे." तिने तो शब्द बापालाही सांगितला असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी दादूस आमच्या सगळ्यांच्या आधी तळ्यावर येऊन उभा होता.

पोचलो नि बघते तर काठावर दगड. गुडघ्याएवढा. लाल माखलेला. पायथ्याशी कसलीशी रानफुलं.

ज्यांनी कुणी तो बनवला असेल त्यांना आमचं काय ठाऊक? त्यांनी आपला एक लाल दगड ठेवला. पण मी माझ्या पिशवीतली भाकर काढून त्याच्यासमोर ठेवली. विचार करून नाही, हात आपोआप गेला. बघते तर दादूसचा ढालवाला खाली वाकलेला. भाचीने पण तिची फळं ठेवली. जावई म्हणाला, "आत्याजी, ये क्या कर रहे हो? वो खाना तो लडाई में लगेगा!"

त्याचं खरं होतं. अर्ध्या लढाईत माझ्या बाईच्या पोटात अन्न नव्हतं, हात चालेनात. मेलो सगळे. पुन्हा उठलो, पुन्हा मेलो. राक्षसाचं रक्त, म्हणजे त्याच्या डोक्यावरची लाल पट्टी, अर्ध्यावर यायचं आणि परत भरायचं. बाहेर ऊन कलायला लागलं. माझे तळहात घामेजले, फोन ओढणीने पुसून पुसून धरत होते. नवरा चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली.

तेवढ्यात भाचीने कुठेतरी वाचलं. ज्यांनी त्याला मारलंय त्यांनी लिहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "त्याचा जीव त्या दगडात आहे. दगड फोडायला लागतो."



"पत्थर ही तो है," जावई म्हणाला. "मैं तोड दूँ?"

"नाही!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. एवढ्या दिवसांत मी आणि दादूस पहिल्यांदाच एका सुरात बोललो असू. जावयाने हात मागे घेतला. बापडा, काय घरात पडतोय असं वाटलं असेल त्याला.

"मग कसं मरणार हा?" भाची म्हणाली. "शेवटची खेप आहे. गेम आहे हो, गेम!"

पुन्हा उतरलो. या वेळी सगळं जमत होतं. जावई वेड्यासारखा लढला आणि पडला. मग भाची, आम्हाला बरं करणारी वैदू तीच, तीही पडली. उरलो आम्ही दोघं. दादूस दगडाला पाठ लावून उभा, राक्षसाचे घाव ढालीवर घेत. मी मागे, बाणावर बाण. राक्षसाचं रक्त अर्ध्यावर आलं आणि परत भरायला लागलं.

"बाबा, फोडा ना!" भाची रडकुंडीला आली होती. "तुमच्या मागेच आहे! एक घाव घाला!"

दादूस अर्धा वळला. दुसऱ्या हातातली हातोडी उगारली. आणि तसाच उभा राहिला.

"बाबा!"

"नाय होत गो माझ्याच्यानं," तो पुटपुटला.

आणि माझं टाळकं सटकलं. इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं वर आलं. "का नाही होत?" मी ओरडले. "खरा उचललास तेव्हा नाही थरथरला हात? हा तर फोनमधला आहे! फोड! सवय आहे तुला!"

भाची बाहेर पडेल असं वाटलं, तिनेच दम दिला होता. पडली नाही. कानात फक्त राक्षसाचे घाव वाजत होते, ढालीवर, एकामागून एक.

"थरथरला ना गो बाय," दादूस म्हणाला.

आईच्या मागे मला 'बाय' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

"खणायची मशीन बांधावर उभी होती," तो म्हणाला. त्याचा ढालवाला मार खात होता आणि तो बोलत होता, थांबत थांबत. "तो मशीनवाला बोलला, काका बाजूला व्हा, दोन मिनिटांचं काम आहे. मी नाय झालो. परक्याच्या लोखंडाचा हात त्याला लागू देनार होतो काय मी? मीच खणला. छातीशी धरून नेला. गावच्या तलावात सोडला."

"मला का नाही बोलावलंस?"

"फोन लावला होता तुला. वाजायच्या आधी कट केला. तू नको बोलली असतीस. तू नको बोलल्यावर माझ्याच्यानं झालं नसतं." मग म्हणाला, "आता परत माझ्या हातनं नको, बाय. एकदा झालं ते पुष्कळ झालं."

माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं पाणी पाणी झालं, त्यात राक्षस कुठे आणि दगड कुठे. एकट्याने नेला. एवढा जड दगड. आणि मी बदलापुरात बसून त्याला देवबुडव्या म्हणत होते.

"सर बाजूला," मी म्हटलं. "मी फोडते. या खेपेचं पाप माझ्या माथी."

"थांब, थांब! गाऱ्हाणं तर घालू दे!"

"दादा, तो मारतोय तुला!"

"मारू दे."

आणि माझा भाऊ, समोर एवढा मोठा राक्षस, ढालीला तडे गेलेले, गाऱ्हाणं घालायला लागला. बा क्षेत्रपाला, जागेवाल्या, लेकरांच्या हातनं होतंय ते पोटात घे, जानता-अजानता झालेली चूक माफ कर. शांतपणे, सगळं, एक शब्द न गाळता. अहो, जगभरचे लोक तो दगड बघता बघता फोडून मोकळे झाले असतील. आमच्यात गाऱ्हाणं संपेपर्यंत मध्ये बोलायचीही रीत नाही. मी धनुष्य ताणून उभी. गाऱ्हाणं संपलं आणि ढालवाला पडला.

मी बाण सोडला. पहिला चुकला. दुसरा लागला. दगड दुभंगला, आणि मला काही वाटायच्या आत राक्षस माझ्यावर आला. दगड फुटताच त्याचं रक्त घसरून नखाएवढं उरलं होतं. खरंच, नखाएवढं. मी तिसरा बाण ओढत होते तेव्हाच मेले.

पडद्यावर काळोख. मग अक्षरं आली की राक्षस निघून गेला आहे, सर्वांचे आभार. मेल्यांनो, आभार कसले मानता?

भाची हुंदके देत होती. जावई म्हणाला, "कोई बात नहीं, अगला आएगा ना."

"माझ्यामुळे हरलो," दादूस म्हणाला. "गाऱ्हान्यात येळ गेला. तू शब्द दिला होतास, बाय, जिंकलो तर. नाय जिंकलो. माझी काय जबरदस्ती नाय."

तो ते असं म्हणाला की मला भडभडून आलं. मोठा भाऊ माझा. रडत बोलले तर कळणार होतं, म्हणून मी रागावून बोलले. मला तेवढंच येतं.

"अक्षत ठेवलीस?" मी विचारलं.

"गावदेवीला ठेवली."

"आणि क्षेत्रपाळाला?"

मागे त्याच्या घरातला मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

"दादा, मी विचारतेय. पोरीची हळद तोंडावर आली, क्षेत्रपाळाची अक्षत ठेवलीस की नाही?"

"नाय," तो म्हणाला. "एकट्याने कशी ठेवू?"

मी कानातली वायर काढली, डोळे पुसले, परत घातली.

"उद्या सकाळी तलावावर ये," मी म्हटलं. "नारळ मी आणते. कुठे सोडलास ती जागा मला दाखव."