वसुमतीबाई खांबाला कधीच धडकल्या नाहीत

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या घराच्या फाटकातून गाडी आत घ्यायची म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला गटार आणि समोर कुणाची ना कुणाची स्कूटर आडवी लावलेली. वसुमतीबाई मात्र एकदा मान मागे वळवतात आणि एका दमात गाडी उलटी आत घेतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या गाडी शिकल्या, आणि तेही हौस म्हणून नव्हे. यजमान बिंदुमाधवरावांनी आपल्या नावावर नवी गाडी घेतली, चार दिवस क्लासला गेले आणि पाचव्या दिवशी "हे आपलं काम नव्हे" म्हणून घरी बसले. दारात गाडी उभी, चालवणार कोण? मग बाई शिकल्या.

तेव्हापासून नणंदेचं डोळ्याचं ऑपरेशन असो, पुतणीचं केळवण असो की मठातली आराधना, सगळ्यांना नेणं-आणणं बाईंकडेच. आणि नातेवाईक काय म्हणतात? "बिंदुमाधवरावांची गाडी आली हो!" जशी काही ती आपली आपणच चालत येते! बाई हसून सोडून द्यायच्या. इतकी वर्षं सोडून दिलं, हीच चूक झाली म्हणा.

परवा हेब्बाळला बहिणीकडे जाऊन त्या एकट्याच परतत होत्या. सिग्नल लाल, गाडी उभी, पाय ब्रेकवर. मागून भाजीचा हिरवा टेंपो आला आणि धाडकन आदळला. डिकी आत गेली, मागची काच खळकन खाली. टेंपोवाला उतरला, "सॉरी अक्का" म्हणाला आणि बाई पट्टा सोडवून बाहेर येईपर्यंत पसारही झाला. त्यांनी पळत्या टेंपोचा नंबर टिपून घेतला, त्याचे आणि गाडीचे फोटो काढले, तीच चेपलेली गाडी चालवत घरी आणली आणि दारातूनच म्हणाल्या, "आधी पोलिसांत तक्रार देऊ, मग विम्याचं बघू."

"बाईमाणसानं ठाण्यात कशाला जायचं?" बिंदुमाधवराव म्हणाले. मुलगा वादिराज इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला असतो, तोही धावत आला. "आई, तू स्वल्प आराम कर. मी बघतो सगळं." बाईंच्या मानेला हिसका बसला होता, म्हणून त्यांनी ऐकलं. वादिराजनं गाडी गॅरेजात नेली, फॉर्म भरला, बापाची सही घेतली. घरात पुन्हा त्या विषयाचं कुणी नावसुद्धा काढेना.

रविवारी सकाळी बाई कॉफीचं डिकाक्शन उतरवत होत्या, तेव्हा वादिराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, आज विमा कंपनीचा माणूस येतोय चौकशीला. तू मध्ये काही बोलू नकोस हं."

"मी नको बोलू? गाडीत मी होते ना रे?"

"तेच तर. आपण वेगळं लिहून दिलंय. गाडी मी चालवत होतो आणि घराशी रिव्हर्स घेताना खांबाला लागली, असं. गॅरेजवाला म्हणाला, सगळे असंच लिहितात. टेंपो म्हटलं की पोलीस आले. त्यात साठीच्या बाई चालवत होत्या म्हटलं, की शंभर प्रश्न."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांबाला! अहो, जिनं आजवर गाडीला ओरखडा लागू दिला नाही, तिच्या गाडीनं म्हणे खांबाला धडक दिली! आणि तीसुद्धा तिनं नव्हे, महिन्यातून एकदा गाडीला हात लावणाऱ्या या चिरंजीवांनी. म्हणजे उभ्या गाडीला ठोकणारा टेंपोवाला सुटला आणि चालवणारी बाई त्या गाडीत नव्हतीच! बरं, हे लिहून देणारा कोण? बिंदुमाधवराव. पंचांगात वेळ पाहिल्याशिवाय एकादशीचं पारणं न फेडणारा माणूस. तिथीत मिनिटाचा फरक चालत नाही आणि बायको मात्र गाडीतून अख्खी गायब केलेली चालते!

"जयतीर्थ भावजींनाही हेच सांगितलंत?" बाईंनी बाहेर येऊन विचारलं. जयतीर्थ म्हणजे हुबळीचे धाकटे दीर; त्यांना सांगितलं की सगळ्या नातेवाइकांना कळलंच.

"त्याला कशाला सगळं विस्कटून सांगायचं?" बिंदुमाधवराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "गाडी दुरुस्त झाल्याशी मतलब."

बाई काही बोलणार, एवढ्यात बेल वाजली. विम्याचा माणूस आला होता. पन्नाशीचा, हातात पिशवी, नाव मोहनकुमार. कन्नडमध्ये नमस्कार-चमत्कार झाले, कॉफी आली. दोन घोट घेऊन त्यानं कन्नडमध्येच विचारलं, "सर, गॅरेजात गाडी बघितली. डिकी पूर्ण आत गेलीय, आणि मागे हिरवा रंग लागलाय. तो खांब जरा दाखवता का?"

आली का पंचाईत! या घरापाशी खांबच नाही. बिंदुमाधवरावांनी चेहरा जराही न हलवता, अगदी कॉफीत साखर हवी का विचारावं तशा आवाजात, मुलाला मराठीत सांगितलं, "शेजारच्या अपार्टमेंटचा खांब दाखव. त्याला कुणाच्या तरी गाडीचा रंग लागलेलाच आहे. आणि आईला आत पाठव."

बाहेरच्या माणसासमोर घरातली गुपितं मराठीत बोलायची, ही या घराची पिढ्यांची सवय. दुकानात भाव पाडताना मराठी, पाहुण्यासमोर त्याचीच निंदा करताना मराठी. बंगळूरात आपली भाषा कोण जाणतो, या भरवशावर कारभार चाललेला. वादिराजही त्याच सुरात बापाला म्हणाला, "सरी अण्णा, दाखवतो. आई, तू आत जा. याला काही कळत नाही, पाच मिनिटांत वाटेला लावतो."

मोहनकुमारनं पेला टीपॉयवर ठेवला. "बाईंना आत कशाला पाठवता साहेब?" तो म्हणाला, आणि म्हणाला तो मराठीत. "आमच्या घरात बी हीच भाषा बोलतात की. आम्ही मराठे, इथलेच, पिढ्यानपिढ्या. मला कळतंय सगळं."

बिंदुमाधवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण माणूस वस्ताद हो! एवढी शोभा झाल्यावरही काय म्हणावं त्यांनी? "मोहनकुमार, तुम्ही आपलेच निघालात. मग घ्या ना सांभाळून. खांबच राहू दे."

"नाही राहायचा खांब!" वसुमतीबाई कडाडल्या. त्यांचा हा आवाज त्या घरात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. "गाडी मी चालवत होते. सिग्नलला उभी होते. टेंपोनं मागून मारलं. हा नंबर, हे फोटो. लिहून घ्या."

मोहनकुमारनं फोटो पाहिले. हिरवा रंग का, ते त्याला आता समजलं. मग तो अवघडून म्हणाला, "अक्का, एक सांगतो. पहिल्यांदाच खरं दिलं असतं, तर क्लेम सरळ पास होता. तुमचं लायसन्स आहे, चूक तुमची नाही, काही अडचणच नव्हती. आता खोटं दिलंय म्हटल्यावर कंपनी बहुतेक नाकारेल. मी जे ऐकलं ते मला लिहावंच लागेल."

ऐकलंत? काही अडचणच नव्हती! दोन शहाण्यांनी मिळून धडधडीत पास होणारा क्लेम पाण्यात घातला, आणि तो कशासाठी?

"अगं, आता चारचौघांत लाज निघणार," बिंदुमाधवराव पुटपुटले. "आम्ही खोटं लिहून दिलं म्हणून."

"खोटं लिहिताना नाही वाटली लाज," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "मी चालवत होते, याची वाटली."

मोहनकुमारनं बाईंचा जबाब लिहून घेतला आणि निघून गेला. पुढे कंपनीनं क्लेम नाकारला, वादिराजनं दुरुस्तीचं बिल भरलं आणि वर कपाळाला आठ्याही घातल्या. पण ते नंतरचं. त्या सकाळी दार लागल्याबरोबर बाईंनी यजमानांचा फोन उचलला, हुबळीचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. "सांगा भावजींना. आत्ता."

पलीकडून जयतीर्थ उचलता क्षणीच गाडीची चौकशी करू लागले. बिंदुमाधवराव घसा खाकरत म्हणाले, "अरे, ते खांबाचं तसं नव्हतं. टेंपोनं ठोकलं. आणि वादिराज नव्हता गाडीत. गाडी... ही चालवत होती."

"ही कोण?" बाई समोर उभ्या होत्या. "मला नाव आहे."

बिंदुमाधवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर ते नाव त्यांनी चारचौघांत घेतलं नव्हतं.

"वसुमती," ते फोनमध्ये म्हणाले. "गाडी वसुमती चालवत होती."