शमुवेलभाऊंचं नाताळचं गाणं

काल माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली. डबी उघडताच फितीचा तो कडवट वास आला आणि जुन्नरच्या बाजारातल्या आमच्या कॅसेट-रेकॉर्डिंगच्या दुकानातली डिसेंबरची एक दुपार आठवली.

राजुरीचे शमुवेलभाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्या दुपारी ते स्वतः रचलेलं नाताळचं गाणं रेकॉर्ड करायला आले. चाल त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओवीची. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ते गायले, "सारवल्या गोठ्यात बाळ निजलं व्हतं." बाहेर कांद्याच्या पिशव्या उतरवणारे हमालसुद्धा थांबून ऐकायला लागले.

मी मात्र टेप थांबवला. तेव्हा मला शुद्ध मराठीचा फार तोरा. "भाऊ, व्हतं नाही, होतं म्हणा. हिच्या प्रती पुण्याला विकायला जाणार आहेत."

"आमी असंच म्हणतो, राव," ते हसले, पण पुन्हा गायले. दर वेळी त्या शब्दापाशी अडखळायचे, माफी मागायचे. मी फीत मागे घेऊन आधीच्या गाण्यावरच नवं भरायचो. सहाव्यांदा 'होतं' नीट आलं.

त्यानंतर भाऊंनी गाणं केल्याचं ऐकलं नाही. आता ते नाहीत.

काल ती कॅसेट लावली. शब्द न् शब्द शुद्ध, आणि गाणं शाळेतल्या पाठांतरासारखं. बंद करणार, तेवढ्यात शेवटी चुकून राहिलेला त्यांचा आवाज आला. हळूच विचारत होते,

"आता बरोबर व्हतं ना, राव?"