खोडलेला शब्द

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नागावच्या वाड्यांमधल्या विहिरी किती खारावताहेत ते पाहायचा प्रकल्प मीच हौसेनं अंगावर घेतला होता. वाडीवाल्यांना पाण्यातले क्षार मोजायचं छोटं मीटर द्यायचं आणि त्यांनी रोजचा आकडा वहीत लिहायचा. एका काकींनी एके दिवशी आकड्याच्या जागी ‘मचूळ’ असं लिहिलं. मीटरची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी पाणी चाखून पाहिलं होतं.

विद्यार्थ्यांसमोरच मी त्यांना सुनावलं, “काकी, आकडा मागितला की आकडाच द्यायचा. चव कोणी विचारली?”

“चुकलं, बाई,” त्या म्हणाल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

‘आर’ या संगणकाच्या भाषेत आकडे एका कंसात एकत्र करून त्यांची रांग करतात. तिला व्हेक्टर म्हणतात. व्हेक्टरमध्ये सगळं एकाच प्रकारचं लागतं. एक जरी शब्द आत आला, तरी सगळ्या आकड्यांची अक्षरं होतात. हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर शिकवते. काकींचा शब्द मी रांगेतून खोडला आणि काम झालं असं समजले. आकडे मात्र अक्षरंच राहिले होते. अक्षरं शब्दकोशासारखी लागतात, आधी पहिलं चिन्ह बघून. त्यामुळे ९४० हे १७६० पेक्षा मोठं ठरलं. सर्वांत मोठा आकडा ९४०, म्हणजे हजाराच्या आत, म्हणजे पाणी चालेल. मी तसा कागद सही करून दिला. वही पुन्हा उघडून एकदा नजरही टाकली नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय.

त्या भरवशावर काकींनी सुपारीची चाळीस रोपं लावली. पुढच्या उन्हाळ्यात पानांची टोकं करपली आणि एकेका रोपानं मान टाकली. वर्गात उदाहरणाला म्हणून तीच वही काढली, तेव्हा कुठे माझी चूक मला दिसली.

सांगायला गेले. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य वाटभर घोकलं होतं. ओटीवर बसले आणि तोंडातून निघालं, “काकी, कॉम्प्युटरकडून चूक झाली.”

त्यांनी सुकलेल्या रोपांकडे पाहिलं. “मला पानी मचूळच लागत व्हतं. पन म्हटलं, शिकलेल्या बाईनं लिवून दिलंय, आपली जीभ काय खरी?”

मग त्याच माझी समजूत घालायला लागल्या. “त्या दिवशी मीच वहीत भलतं लिवलं ना. त्यानंच तुमचं मशीन बिघडलं असंल.”

त्यांचा खरा शब्द मी क्षणात खोडला होता. हे वाक्य मात्र तसंच राहू दिलं.