कैलासवासींचं हार्दिक स्वागत

गुलाबराव खरात लग्नाच्या मंडपात शिरले की कमानीतून दोन पावलं आत येऊन थांबायचे. टोपी काढायची, चेहरा सावकाश उजवीकडे वळवायचा, मग डावीकडे. "लोकांस्नी वळखायला वाईच येळ द्यावा लागतोय, मंडपवाले," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. एके काळी एवढा वेळ द्यावा लागत नसे. माणसं धावत यायची. पुढे पुढे फक्त म्हाताऱ्या बायका ओळखायच्या. शेवटी तर असं झालं की ते थांबले की कुणीतरी भला माणूस त्यांचा दंड धरायचा आणि म्हणायचा, "आजोबा, पंगत मागल्या बाजूला हाय." हे ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायचे आणि पोट धरून हसायचे.

मी त्यांना सिनेमात पाहिलं ते लहानपणी, इंदापूरकडच्या एका जत्रेत, तंबूत. गावाकडच्या विनोदी चित्रपटांत ते नायकाचे मित्र असायचे. गडबड झाली की कडब्याच्या गंजीत लपायचे आणि पकडले गेले की म्हणायचे, "मी नुसता बगायला आलोय!" एवढ्या वाक्यावर तंबू डोक्यावर घ्यायची माणसं. पुढे तसले चित्रपट निघायचे थांबले, टीव्हीवाल्यांना कोवळे चेहरे लागले, आणि गुलाबराव शेळगावला भावाच्या डाळिंबाच्या बागेत परत आले. तिथे ते सगळ्यांचे तात्या झाले.

माझा बारामतीत मंडप आणि स्पीकरचा धंदा. एका लग्नात आमचा निवेदक घसा बसून गप्प झाला, तेव्हा पाहुणे म्हणून आलेल्या तात्यांनी हात पुढे केला, "आना हिकडं ते." तेव्हापासून माईक त्यांच्याकडे गेला तो गेलाच.

आमच्याकडे लग्नात वधूवरांइतकंच महत्त्व माईकवर घेतल्या जाणाऱ्या नावांना असतं. माणूस कमानीत आला की त्याच्या नावाची चिठ्ठी माईकपाशी पोचते आणि "यांचं मंडपात आगमन झालेलं आहे, त्यांचं हार्दिक स्वागत" हे साऱ्या गावाला ऐकू जावं लागतं. नाव राहिलं तर माणूस जेवल्यावाचून परत जातो आणि चार वर्षं बोलत नाही. त्यामुळे यजमानांची तात्यांना पहिली ताकीद ठरलेली असे, "तात्या, इनोद नको हां. पावनं मोठं हायत." विनोदी नटाला बोलवायचं आणि विनोद करू नको म्हणायचं, हा आचरटपणा मी वर्षानुवर्षं पाहिला. तात्या मुकाट नावं वाचत राहिले.

एकदा जळोचीतलं लग्न उरकून आम्ही चहाला थांबलो होतो. टपरीवाल्यानं ओळखलं आणि सिनेमातलं ते वाक्य म्हणून दाखवायचा आग्रह धरला. तात्यांनी म्हणून दाखवलं, पण चेहरा पडला. मी विचारलं तर म्हणाले, "ते वाक्य लेखकाचं हाय. कुठं पडायचं, कवा बोंबलायचं, समदं दुसऱ्यानं सांगितल्यालं. मी सवता गमत्या हाय का न्हाय, ते मला अजून ठावं न्हाय. एकदा माझ्या सवताच्या तोंडानं मंडप हसला पायजे. मग डोळं मिटलं तरी चालतंय." हे बोलताना ते जराही हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं. मी उगाच म्हटलं, "तुम्ही गमतीदारच आहात." ते म्हणाले, "तुमी माईकवाले, तुमाला आवाज कळतो. गंमत न्हाय."

मग सांगवीचं लग्न आलं. धुमाळांच्या घरचं. मुहूर्ताची वेळ झाली तरी मोठे पुढारी पोचले नव्हते. चिठ्ठ्या संपल्या. मुलीच्या वडिलांनी खूण केली, माईक बंद पडू देऊ नका. तात्यांनी शेवटी खिशातली लग्नपत्रिकाच काढली आणि तिच्यावरची नावं सुरात वाचायला सुरुवात केली. चष्मा गाडीत राहिला होता, जीभ मात्र सवयीने धावत होती.

"कैलासवासी बापूराव रामचंद्र धुमाळ यांचं मंडपात आगमन झालेलं आहे! त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत! त्यांनी कृपया पुढं येऊन स्थानापन्न व्हावं!"

बापूराव म्हणजे नवरीचे आजोबा, वर्षापूर्वी वारलेले. नवरीच्या बापाचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी माईक बंद करायला मशीनच्या बटणाकडे हात नेला, तोच पहिल्या रांगेतून बापूरावांची बायको, अनुसयाआजी, खणखणीत बोलली, "येऊ द्या की! जित्तेपनी एका लग्नाला येळंवर आलं न्हाईत. आज पुढाऱ्याच्या आदी पोचलं, म्हंजी सुदारलं म्हनायचं!"

बायकांच्या बाजूने हशा फुटला. खरं तर तात्यांनी तेवढ्यावर सुटका करून घ्यायला हवी होती. मी डोळ्यांनी सांगतही होतो, बसा खाली. पण त्यांनी माईक नीट धरला.

"आजी, पावनं आल्यात, पर दिसंनात. म्होरच्या सोफ्यावर कुनी त्यांच्या अंगावर बसलं न्हाय न्हवं? बगा जरा!"

सोफ्यावर बसलेले कारखान्याचे एक संचालक ताडकन उठले आणि स्वतःची जागा हाताने चाचपू लागले. आता पुरुषही सुटले.

"आन त्यांस्नी बोल लावू नका. कैलासावरनं सांगवी म्हंजी पल्ला लांबचा. वाटंत भिगवणला मासं खायाला थांबलं असतील."

"अवो, माळकरी व्हते ते!" आजी ओरडल्या.

"व्हय, पर वाटंत बगायला तुमी कुटं व्हता?"

आजींनी पदर तोंडात कोंबला. मुलीचा बाप खांबाला धरून हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. त्या गदारोळातच भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. पुढारी आलेच नाहीत आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तात्या खाली उतरून माझ्या स्पीकरच्या पेटीवर बसले. घामाघूम झाले होते. मला म्हणाले, "हे कुनी लिवल्यालं?"

"कुणीच नाही, तात्या."

"कुनीच न्हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग त्या दिवशी तीन वेळा पंगतीला बसले.

पुढची दोन वर्षं म्हणजे त्यांचा सिनेमातला काळ फिका पडावा अशी गेली. इंदापूर असो की बारामती, यजमान स्वतः चिठ्ठ्या आणून द्यायला लागले, "तात्या, आमच्या आबांचंबी स्वागत करा. त्यांस्नी नातवाचं लगीन बगायचं व्हतं." तात्या आधी घरच्या बाईला गाठून विचारायचे, आबा कसे होते, कशावरून रागवायचे, चहा कितीदा प्यायचे. मग माईकवर आबांना असं आणायचे की हसता हसता घरच्यांचे डोळे भरून यायचे. कुणी रागावलं नाही. उलट कुणाचा कैलासवासी वाचायचा राहिला तर पाहुणे रुसायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांची तब्येत ढासळली. भेटायला गेलो तर उशाखालून एक चिठ्ठी काढून दिली. 'श्री. गुलाबराव खरात, शेळगाव.' नाव शाईने लिहिलं होतं, 'श्री' मात्र पेन्सिलीने. "खोडायला सोपं जावं म्हनून," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांच्या वहिनी आतून धावत आल्या. आठच दिवसांत ते गेले.

यंदाच्या लग्नसराईत जळोचीच्या एका मंडपात मी ती चिठ्ठी काढली. उभ्या जन्मात मी माईक फक्त "हॅलो, हॅलो" म्हणायला धरलेला. पेन्सिलीतलं 'श्री' खोडून तिथे 'कै' लिहिलं होतं. मनाशी दोन-चार गमती जुळवून ठेवल्या होत्या. "कैलासवासी गुलाबराव खरात यांचं मंडपात आगमन..." एवढं म्हणालो आणि जुळवलेलं सगळं विसरलो.

पण पुढचं लागलंच नाही. नुसतं नाव ऐकूनच मंडप हसायला लागला होता.