इंजिनाचे आढेवेढे

भाईंदरला जेसल पार्कातल्या त्या इमारतीत नवा भाडेकरू आला, की आठवड्याभरात त्याला शंका येते, तिसऱ्या मजल्यावर कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय. जिन्यात ईथरचा वास दरवळत असतो. जुने रहिवासी समजूत घालतात, घाबरू नका, वर काशीनाथ भोईर राहतात, ते विमानं दुरुस्त करतात. हे ऐकून नवा माणूस आणखीच घाबरतो.

खरं तर विमानं नव्हेत, विमानांची इंजिनं, आणि तीही मुठीत मावणारी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हौशी माणसं बाल्साच्या हलक्या लाकडाची छोटी विमानं करायची, त्यांच्या नाकावर हे इंजिन बसवायची आणि विमान तारेला बांधून मैदानात गोल गोल फिरवायची. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, इंजिनं ट्रंकेत गेली. त्यांच्या पोटात राहिलेलं एरंडेल तेल वर्षानुवर्षं सुकत गेलं आणि त्याचा डिंक झाला. आता त्या माणसांचे केस पिकले, हातात वेळ आला, आणि ट्रंका उघडल्या जाऊ लागल्या. कोलकात्याहून, पुण्याहून, कोइमतूरहून पार्सलं येतात. आत जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेलं इंजिन आणि एक चिठ्ठी असते. चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं : हे पुन्हा चालेल का?

काशीनाथ मूळचे पेणकरपाड्याचे. बापाची भातशेती होती, तिच्यावर आता सात मजले उभे आहेत. त्यांनी आयटीआय केलं आणि घाटकोपरच्या एका कारखान्यात लॅपिंगच्या टेबलावर बसले, ते चौतीस वर्षांनी उठले. लॅपिंग म्हणजे दोन धातूंचे तुकडे बारीक पेस्ट लावून इतके हळूहळू घासायचे, की एक दुसऱ्यात हवेलाही वाट न देता बसावा. मायक्रोमीटर असतोच, पण शेवटचा निकाल बोटं देतात. कारखान्यात काशीनाथांच्या बोटांचा दबदबा होता. साहेब लोक मशीनवर मोजून यायचे आणि काशीनाथांना विचारून खात्री करायचे. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, वायर नसते. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण पिस्टन इतकं दाबतो, की ते आपल्या आपण पेटतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा, आणि दाबाचा खेळ पिस्टनच्या बसण्याचा. इंजिनापुढचा पंखा हाताने हळू फिरवला, की पिस्टन वर जाताना शेवटच्या टोकाला अडला पाहिजे आणि मग मुकाट्याने पार झाला पाहिजे. काशीनाथ याला आढेवेढे म्हणत. ज्या इंजिनाने आढेवेढे घेतले नाहीत, ते म्हातारं झालं. जे नुसतेच आढेवेढे घेत बसलं, त्याच्या पोटात अजून डिंक आहे. हे सांगताना ते शांतीबाईंकडे बघून हसत, आणि शांतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ऐकलंच नाही असं दाखवत.

गेल्या दिवाळीनंतर पेणकरपाड्याच्याच एका टॉवरमधून मृणालिनी चौबळ आल्या. वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि बोलणं अजून शाळेतलंच. पर्समधून त्यांनी दीड सीसीचं विलायती इंजिन काढून टेबलावर ठेवलं आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. बोटावर पांढरा वण होता. हे इंजिन पंख्याला टिचकी मारून सुरू करायचं असतं आणि बेसावध बोटाला पंखा सोडत नाही. अकरा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना टिचकी मारू दिली होती. बोट फाटलं, आई कडाडली, आणि त्यानंतर वडिलांनी इंजिनाला हात लावू दिला नाही. भावाला मात्र दिला. आता वडील नव्हते, भाऊही नव्हता. बाईंना इंजिन नुसतं चालायला नको होतं. ते स्वतःच्या हाताने सुरू करायचं होतं.

काशीनाथांनी पंखा फिरवून पाहिला आणि पंधरा दिवसांत देतो म्हणाले. म्हणाले खरे, पण देता येईल याची खात्री नव्हती. कारण एक गोष्ट त्यांनी वर्षभर कोणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. साखरेमुळे असेल, वयामुळे असेल. डॉक्टरकडे जायचं म्हणजे खरं कबूल करायचं, म्हणून ते गेलेच नव्हते. भाजीवाल्याची पिशवी बोटांनी सुटत नसे, सदऱ्याचं बटण डोळ्यांनी शोधावं लागे. या वर्षात त्यांनी सोपी इंजिनं घेतली, अवघड परत पाठवली आणि वेळ मारून नेली. बाईंना मात्र नाही म्हणवलं नाही.

इंजिन दोन दिवस लोणच्याच्या बरणीत रॉकेलमध्ये बुडवलं, पुसलं, जुन्या तव्यावर वाळू तापवून तिच्यात ठेवलं, मग सुटं केलं. सिलिंडर आतून आरशासारखा चकचकीत दिसत होता. काशीनाथांनी नेहमीप्रमाणे आत बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. पिस्टन घालून पाहिला, तर तो अर्ध्यातच घट्ट होत होता. डिंक गेलाय, म्हणजे हा धातूचाच घट्टपणा, असं त्यांनी ठरवलं आणि पिस्टनला पेस्ट लावून सात-आठ हात दिले.

दुसऱ्या दिवशी सगळं गरम करून धुताना सिलिंडरमधून मधाच्या रंगाचं पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी निघालं. डिंक आतच होता. चकचकीत दिसत होता तो डिंकच, धातू नव्हे. पूर्वीच्या बोटाला तो चिकटपणा लगेच कळला असता. काशीनाथांनी पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला, तो सरळ खाली पडला. आढेवेढे संपले होते. साठ वर्षं धड राहिलेला पिस्टन त्यांनी दोन मिनिटांत घालवला होता. आधी डिंक काढ, मग पेस्टला हात लाव, हे त्यांनी कारखान्यात किमान पन्नास शिकाऊ पोरांना ओरडून शिकवलं होतं.

दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईंच्या घरी जाऊन त्यांनी चूक कबूल केली. चूक एवढीच सांगितली, बोटांचं सांगितलं नाही. बिडाचा नवा पिस्टन करून बसवता येईल, पण मग ते इंजिन तेच राहील असं म्हणवत नाही, असंही म्हणाले. चौबळबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. अशा नजरेखाली किती मुलांनी गृहपाठ न केल्याचं कबूल केलं असेल, देव जाणे.

"माझा डावा गुडघा नवा आहे," त्या म्हणाल्या. "मला अजून कोणी वेगळी बाई म्हटलेलं नाही. करा नवा पिस्टन."

नवघर रोडच्या गाळ्यात ईश्वर म्हणून ओळखीचा टर्नर होता. त्याच्याकडे जुन्या, मुरलेल्या बिडाचा बोटभर तुकडा होता. त्यातून दोनच पिस्टन निघाले. आता ते लॅप करून सिलिंडरला जुळवायचे होते. पहिला काशीनाथांनी घेतला, डोळ्यांत तेल घालून काम केलं, तासातासाला मोजलं, आणि तरीही एक हात जास्त झाला. पिस्टन ढिला पडला. त्यांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि दुसऱ्याला हात लावायची हिंमत होईना. हाही गेला तर बाईंचं इंजिन गेलं, आणि आपणही या कामातून गेलो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुपारची वेळ होती. शांतीबाई भांडी आवरून आल्या, टेबलासमोर स्टूल ओढून बसल्या आणि हात पुढे केला.

"आना इकडं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोटांना कलत न्हाय, मना म्हाईत हाय."

काशीनाथांनी दुसरा पिस्टन त्यांच्या तळव्यावर ठेवला. कधीपासून माहीत आहे, एवढंच त्यांनी विचारलं. शांतीबाई म्हणाल्या, गणपतीपासून. वाफाळत्या चहाचा पेला तुम्ही कडेला न धरता मुठीत धरलात, तेव्हापासून. मग बोलली का नाहीस, असं विचारायचं काशीनाथांच्या ओठांवर आलं होतं. पण तोच प्रश्न आपल्यावर उलटेल, हे कळण्याइतके ते शहाणे होते.

शांतीबाईंनी बावीस वर्षं घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचं काम केलं होतं. भाईंदरमध्ये घरोघर चालतं ते. पुड्यातले खडे हाताने निवडायचे, दीड मिलिमीटरचे वेगळे, त्याहून केसभर मोठे वेगळे, आणि कानातल्यांत बसवायचे. त्या टीव्हीवरची मालिका बघत हे करायच्या. नजर मालिकेवर, बोटं खड्यांत. काशीनाथ आपल्या बोटांची कीर्ती सांगताना बायकोच्या या कामाला "खडे चिकटवणं" म्हणत. त्या दुपारी हा शब्द त्यांना आठवला आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

चार दुपारी काम चाललं. पेस्ट किती लावायची, किती हात द्यायचे, कधी धुवायचं, हे काशीनाथ सांगत. पिस्टन शांतीबाईंच्या हातात. बोटाला काय लागतंय ते त्या आपल्या भाषेत सांगत. आता खरखरतंय. आता पिठात हात घातल्यासारखं जातंय. आता वरच्या अंगाला जरासं धरतंय, एका बाजूलाच. यावरून काशीनाथ मनात चित्र उभं करत आणि पुढचा हुकूम देत. दुसऱ्या दिवशी त्यांचा जुना स्वभाव उसळला आणि ते कारखान्यातल्यासारखे ओरडले, हळू, हळू म्हणतो ना. शांतीबाईंनी पिस्टन फडक्यावर ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन वाल निवडत बसल्या. अर्ध्या तासाने काशीनाथ स्वतः चहा करून घेऊन गेले, तेव्हा काम पुढे सरकलं.

चौथ्या दुपारी शांतीबाई एकदम थांबल्या. पुढचे दोन हात देऊ नयेत, असं त्यांना वाटत होतं. मायक्रोमीटर म्हणत होता, अजून द्या. काशीनाथांनी मायक्रोमीटरकडे पाहिलं, बायकोच्या बोटांकडे पाहिलं, आणि मायक्रोमीटर डबीत ठेवून दिला.

रविवारी सकाळी चौबळबाईंना घेऊन ती दोघं खाडीकाठी गेली. काशीनाथ इंजिनं तिथेच चालवून बघत, कारण घरात चालवलं तर सोसायटी त्यांनाच चालतं करेल. शांतीबाई यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. या वेळी काशीनाथांनीच चल म्हटलं. इंजिन लाकडी स्टुलाला आवळलं होतं आणि स्टूल हलू नये म्हणून शांतीबाई त्याच्या पायावर पाय देऊन उभ्या होत्या. चौबळबाईंनी बोटावर रबरी नळीचा तुकडा चढवला. हौस आणि मूर्खपणा यांत फरक असतो, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या टिचकीला काही झालं नाही. पाचव्या-सहाव्यालाही नाही. काशीनाथांनी वरचा दाबाचा स्क्रू जरासा आवळला. सातव्या टिचकीला इंजिन खोकलं आणि पंख्याने बाईंच्या बोटाला फटका दिला. त्या दोन पावलं मागे सरल्या. चेहरा पांढरा पडला होता. काशीनाथांना वाटलं, संपलं. पण बाईंनी रबर नीट केलं, पुढे आल्या आणि दात-ओठ खात अशी टिचकी मारली, की इंजिन कडाडलं. पंखा दिसेनासा झाला, निळसर धूर उठला आणि एरंडेलाचा जळका वास सगळीकडे पसरला. पलीकडे फिरायला आलेले लोक कानावर हात ठेवून बघायला लागले. चौबळबाई इंजिनापासून हातभर अंतरावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि रडत होत्या. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

टाकीतलं इंधन संपलं आणि इंजिन थांबलं. कान थोडा वेळ घुमत राहिले.

"भोईर, तुमच्या हातात विद्या आहे," बाई म्हणाल्या.

हे वाक्य काशीनाथांनी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं आणि दर वेळी मान डोलावून घेतलं होतं. या वेळीही मान हलायला लागली होती. ती त्यांनी थांबवली.

"हात तिचा आहे, बाई," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता काही कळत नाही. वर्ष झालं."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता काहीतरी तुटेल. काहीच तुटलं नाही. चौबळबाई शांतीबाईंकडे वळल्या. भावाचं आणखी एक इंजिन घरी आहे, त्याचं काय करायचं ते आता तुम्हालाच विचारायचं का, असं त्यांनी विचारलं.

शांतीबाईंनी स्टुलावरचा पाय काढला आणि पदराला हात पुसले.

"इचारायचा त्यांनाच," त्या म्हणाल्या. "मना इंजिनातला काय बी कलत न्हाय. माज्या बोटांना कलतं, तवरंच."

"मग दोघंही या," चौबळबाई म्हणाल्या, आणि स्टूल उचलायला वाकल्या.